मंदबुद्धी, अपराध आणि भाकीत

डेन्मार्कच्या उत्तर भागात लिमफ्योर्ड नावाचा समुद्राचा एक फाटा आडवा पसरलेला आहे. त्याच्या पाण्यात लिव्हो नावाचे एक लहानसे बेट आहे. आज तेथे लोक सहलीसाठी जातात. परंतु १९११ पासून १९६१ पर्यंत, पुरी पन्नास वर्षे, ह्या बेटावर केवळ पुरुषांची एक वसाहत होती. डॉ. ख्रिस्तियान केलर ह्यांनी ती स्थापन केली. येथे आणले जाणारे पुरुष मंदबुद्धी म्हणून नोंदलेले असत, आणि शिवाय त्यांच्या हातून काही अपराध घडलेला असे, किंवा पुढे घडेल अशी धास्ती असे. वसाहतीला तटाची गरज नव्हती. समुद्र हाच तट होता. पुढे १९२३ च्या सुमारास स्प्रोयो ह्या दुसऱ्या बेटावर स्त्रियांसाठी तशीच वसाहत निघाली. तेथे पाठविलेल्या स्त्रियांपैकी अनेकींनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्यांची चालचलणूक संशयास्पद आहे, एवढे कारण पुरेसे होई.

साध्या कैद्याला आपली मुदत ठाऊक असते. तो भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजू शकतो. लिव्होवरील माणसाला मुदत नव्हती. तो सुटणार केव्हा, तर जबाबदार अधिकाऱ्यांना तो निर्धोक वाटेल तेव्हा. म्हणजे त्याचे सारे आयुष्य एका प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेले होते: हा माणूस पुन्हा तसे करील काय? अपराध लैंगिक स्वरूपाचा असला म्हणजे तर हा प्रश्न अधिकच तीव्र होई, आणि आजही होतो. कारण उत्तर चुकले तर त्याची किंमत एखाद्या बालकाला वा स्त्रीला मोजावी लागते. दुसऱ्या बाजूने चुकले तर एक माणूस जन्मभर विनाकारण कोंडला जातो. पहिली चूक वर्तमानपत्रांत येते. दुसरी चूक कोणालाच दिसत नाही, कारण कोंडून ठेवलेला माणूस बाहेर असता तर काय करता, हे सिद्ध करावयास वावच नसतो. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कोणी कोणत्या आधारावर केला, त्याचा हा वृत्तांत आहे.

आरंभी एक खुलासा अवश्य आहे. ‘मंदबुद्धी’ हा शब्द मी त्या काळाचा म्हणून वापरीत आहे. आजचे शास्त्र आणि आजचा कायदा ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतो. दुसरे असे की, बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांपैकी फार मोठ्या बहुसंख्येच्या हातून असा कोणताही अपराध घडत नाही. उलट, लैंगिक अत्याचाराला बळी पडण्याचा धोका त्यांनाच इतरांपेक्षा अधिक असतो. आपण बोलत आहोत ते थोड्यांविषयी. ह्या थोड्यांच्या नावाने सर्वांना धरले गेले, हेच ह्या इतिहासाचे पहिले प्रकरण आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ ह्यांनी बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी तयार केली. त्यांचा हेतू साधा होता: शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकावे आणि त्यांना वेगळी मदत द्यावी. १९०८ साली हेन्री गॉडर्ड ह्यांनी ती अमेरिकेत नेली. न्यू जर्सी राज्यातील व्हाइनलँड येथे मंदबुद्धी मुलांची एक शाळा होती. तेथील संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. बिनेंची कसोटी मदतीसाठी होती. गॉडर्डांच्या हाती ती चाळणी झाली. ‘इडियट’ आणि ‘इंबेसाइल’ हे दोन वर्ग आधीपासून होते. त्यांच्या वरचा, दिसण्यात चारचौघांसारखा, पण मानसिक वय आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान असलेला जो तिसरा वर्ग, त्याला गॉडर्डांनी १९१० साली ‘मोरॉन’ हे नाव दिले. ह्या वर्गाची भीती अधिक वाटू लागली, कारण तो ओळखू येत नाही. १९१२ साली त्यांनी ‘कॅलिकॅक’ ह्या बनावट आडनावाखाली एका घराण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका पुरुषापासून निघालेल्या दोन शाखांपैकी एक सज्जनांची आणि दुसरी, मंदबुद्धी स्त्रीपासून झालेली, दुराचाऱ्यांची, असे त्याचे तात्पर्य. हे पुस्तक खूप गाजले. त्यातील निष्कर्षांचा पाया किती डळमळीत होता हे पुढे दाखविले गेले. परंतु तोवर कायदे होऊन गेले होते.

ह्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये वेव्हर्ली येथील संस्थेचे प्रमुख डॉ. वॉल्टर फर्नाल्ड ह्यांनी जाहीरपणे सांगितले की, प्रत्येक मंदबुद्धी माणूस हा संभाव्य गुन्हेगार असतो. हे १९१२ सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी त्या राज्याने ‘सदोष अपराधी’ अशा एका नव्या वर्गाला बेमुदत स्थानबद्ध करण्याचा कायदा केला होता. इंग्लंडने १९१३ साली ‘मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट’ केला. त्यात चार वर्ग होते, आणि चौथा वर्ग ‘नीतिजडां’चा होता: ज्यांच्या ठिकाणी लहानपणापासून बुद्धीचा दोष आहे, जोडीला दुष्ट वा गुन्हेगारी प्रवृत्ती प्रबळ आहे, आणि शिक्षेचा ज्यांच्यावर काही परिणाम होत नाही, असे लोक. व्याख्येची ही रचना लक्षपूर्वक पाहावी. भविष्यकाळाविषयीचे भाकीत हे तीत निदानाचाच भाग म्हणून घातलेले आहे. एकदा एखाद्याला नीतिजड ठरविले की ‘तो पुन्हा गुन्हा करील काय’ हा प्रश्न विचारावयाचे कारणच उरत नाही. उत्तर व्याख्येतच आहे. पार्लमेंटमध्ये जोसाया वेजवुड ह्यांनी ह्या विधेयकाशी नेटाने झुंज दिली, पण त्यांच्या बाजूस मोजकीच माणसे होती.

फर्नाल्डांची पुढची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग विरळा. वेव्हर्लीच्या संस्थेतून १८९० ते १९१४ ह्या पंचवीस वर्षांत जे लोक बाहेर पडले होते, त्यांचे पुढे काय झाले ह्याचा त्यांनी शोध घेतला. ह्यांतील बहुतेक लोक त्यांच्या सल्ल्याविरुद्ध गेलेले होते. कोणाला नातेवाइकांनी हट्टाने नेले, कोणी पळून गेले. म्हणजे फर्नाल्डांच्या स्वतःच्या सिद्धान्ताप्रमाणे ह्या लोकांनी समाजात धुमाकूळ घालावयास हवा होता. प्रत्यक्षात पुष्कळ जण घरी राहून साधी कामे करीत, काही चांगली मजुरी मिळवीत, आणि कायद्याशी झगडा झालेल्यांची संख्या अपेक्षेहून फारच थोडी निघाली. हे निष्कर्ष इतके अनपेक्षित होते की, ते प्रसिद्ध करावयास फर्नाल्ड सुमारे दोन वर्षे कचरले. अखेर १९१९ साली त्यांनी ते छापले, आणि आपण ह्या माणसांची बदनामी केली असे उघडपणे मान्य केले. गॉडर्डांनीही १९२८ साली आपली पूर्वीची मते बरीचशी मागे घेतली. परंतु मॅसॅच्युसेट्सचा ‘सदोष अपराध्यां’साठीचा विभाग ब्रिजवॉटर येथे प्रत्यक्षात उघडला तो १९२२ साली, फर्नाल्डांचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांनी! सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ह्याचे नवल वाटू नये. मत बदलणे एका माणसाच्या हाती असते. मंजूर झालेली इमारत मात्र उठतेच.

पुढे एडविन सदरलंड ह्या समाजशास्त्रज्ञाने १९३१ साली एक हिशेब मांडला. गुन्हेगारांची बुद्धिमत्ता मोजणाऱ्या सुमारे ३५० पाहण्या त्यांनी एकत्र केल्या. १९१० ते १९१४ ह्या काळात गुन्हेगारांपैकी निम्म्याहून अधिक लोक मंदबुद्धी ठरत होते. १९२५ ते १९२८ ह्या काळात ते प्रमाण वीस टक्क्यांवर आले. दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतील गुन्हेगार एकाएकी हुशार झाले असे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी आणि ती हाती धरणारे लोक. मधल्या काळात पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेल्या सैनिकांची चाचणी झाली होती, आणि गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय तेरा वर्षांच्या आसपास निघाले होते. तेव्हा जुन्या मापाने गुन्हेगारांना मंदबुद्धी म्हणावयाचे तर जवळजवळ निम्म्या राष्ट्रालाच तसे म्हणण्याची पाळी आली असती.

लैंगिक अपराधांच्या बाबतीत ह्या भीतीने दुसरे रूप घेतले. १९३७ साली मिशिगन राज्याने ‘लैंगिक विकृती’ असलेल्या अपराध्यांना बेमुदत स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही. परंतु इलिनॉय, कॅलिफोर्निया, मिनेसोटा ह्या राज्यांनी १९३८-३९ साली त्याच धर्तीचे कायदे केले, आणि पुढे अनेकांनी त्यांचे अनुकरण केले. १९५० साली, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, पुन्हा सदरलंड ह्यांनीच ह्या कायद्यांची जन्मकथा लिहिली. एखाददुसरा भीषण गुन्हा घडतो, गावात घबराट पसरते, एक समिती नेमली जाते, समिती शेजारच्या राज्याचा कायदा उतरवून घेते. हा क्रम त्यांनी एकामागून एक राज्यात दाखविला. मेरीलँडने १९५१ साली कायदा केला आणि १९५५ साली पटक्संट येथे संस्था उघडली. बुद्धीची उणीव किंवा भावनांचा तोल सुटणे, ह्यांपैकी काहीही कारण दाखवून अपराध्याला तेथे मुदतीशिवाय ठेवता येत असे. ही बेमुदत शिक्षा १९७७ साली रद्द झाली.

इंग्लंडमध्ये तेथील नागरी स्वातंत्र्य मंडळाने १९५१ साली एक पुस्तिका काढून १९१३ च्या कायद्याखाली कोंडलेल्या पन्नास हजार लोकांचा प्रश्न लोकांपुढे आणला. १९५९ च्या कायद्याने तो जुना कायदा गेला, आणि केवळ अनैतिक वर्तन हे कोणाला स्थानबद्ध करण्याचे कारण होऊ शकत नाही, अशी स्पष्ट तरतूद आली. त्यानंतर दोनच वर्षांनी लिव्हो आणि स्प्रोयो येथील वसाहती बंद झाल्या. त्या बेटांवरून सुटका होताना निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया ही अनेकदा अट असे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता भाकिताचा दुसरा प्रवाह पाहू. तो डॉक्टरांकडून नव्हे, आकडेशास्त्राकडून आला. १९२८ साली अर्नेस्ट बर्जेस ह्यांनी इलिनॉय राज्यात पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांची कागदपत्रे तपासली, आणि एकवीस बाबी निवडून प्रत्येकाला गुण दिले. विमा कंपनी जसा आयुष्याचा हप्ता ठरविते, तसा हा प्रकार होता. १९५४ साली पॉल मील ह्यांनी एक छोटे पुस्तक लिहून दाखविले की, अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज आणि साधे गुणांचे कोष्टक ह्यांची तुलना केली तर कोष्टक सहसा मागे पडत नाही, पुष्कळदा पुढेच असते. तज्ज्ञांना हे रुचले नाही. पण १९६६ साली एक विलक्षण प्रयोग आपोआप घडून आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्स्ट्रॉम खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे न्यूयॉर्क राज्यातील ९६७ मनोरुग्णांना गुन्हेगारांच्या बंदिस्त रुग्णालयांतून साध्या रुग्णालयांत हलवावे लागले. डॉक्टरांनी ह्यांना धोकादायक ठरविले होते, म्हणूनच तर ते तेथे होते. हेन्री स्टेडमन आणि जोसेफ कोकोझा ह्यांनी त्यांचा माग ठेवला. चार वर्षांनंतर पाहता अगदी मोजक्यांनाच पुन्हा त्या बंदिस्त रुग्णालयांत धाडावे लागले होते. १९८१ साली जॉन मोनाहन ह्यांनी सर्व पुरावा चाळून लिहिले की, ‘हा हिंसा करील’ असे सांगणाऱ्या तीन भाकितांपैकी फार तर एक खरे ठरते.

असे का व्हावे? तज्ज्ञ अडाणी होते म्हणून नव्हे. ह्यात गणिताची एक खोच आहे, आणि ती समजून घेणे फारसे कठीण नाही. समजा, सुटलेले १,००० अपराधी आहेत आणि त्यांपैकी ५० जण पुन्हा तसा गुन्हा करणार आहेत. आपल्याजवळ एक उत्तम कसोटी आहे. ती दोन्ही प्रकारच्या माणसांना शंभरात ऐंशी वेळा बरोबर ओळखते. तर पन्नासांपैकी ४० जण तिला सापडतील, १० निसटतील. उरलेल्या ९५० निर्धोक माणसांपैकी १९० जणांवर ती चुकून ‘धोकादायक’ असा शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेले एकूण २३० आणि त्यांतले खरे धोकादायक ४०! जी गोष्ट मुळात थोड्यांच्याच हातून घडते, तिचे भाकीत करताना चांगली कसोटीही असे हिशेब देते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत; पण कायदे करणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला असेल असे त्या कायद्यांकडे पाहून वाटत नाही.

बुद्धिमांद्य आणि भाकीत ह्यांची गाठ किती क्रूर पडू शकते, हे टेक्सस राज्यातील जॉनी पॉल पेन्री ह्याच्या खटल्यात दिसून आले. बलात्काराच्या गुन्ह्यात पॅरोलवर सुटलेल्या ह्या तरुणाने १९७९ साली एका स्त्रीवर बलात्कार करून तिची हत्या केली. त्याचे मानसिक वय साडेसहा वर्षांच्या मुलाइतके असल्याची साक्ष झाली. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे ज्यूरीला एक प्रश्न असा विचारला जाई की, हा मनुष्य पुढेही हिंसा करीत राहण्याचा संभव आहे काय? आता पाहा. बुद्धीची उणीव सिद्ध करावी तर दोष कमी होतो खरा. पण तीच उणीव ‘हा अनुभवाने शिकणार नाही, म्हणून धोकादायक’ ह्या उत्तराकडे नेते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ह्या पुराव्याला दुधारी तलवार म्हटले आणि शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले. परंतु अशा माणसाला फाशी देणे घटनाबाह्य आहे असे म्हणण्यास त्या वेळी नकार दिला. ते त्याच न्यायालयाने म्हटले १९०२ मध्ये नव्हे, तर शंभर वर्षांनी, २००२ साली, ॲटकिन्स खटल्यात. १९१३ सालचा तो नीतिजड मधल्या काळात नुसते नाव बदलून कोर्टात उभा राहत होता. पेन्रीचा गुन्हा घोर होता ह्यात शंका नाही, आणि तो पूर्वी तसे वागला होता हेही खरे. त्याच्याविषयी काळजी वाटण्यास भरपूर कारण होते. वाद एवढाच की, त्या काळजीचा आधार त्याचे पूर्वीचे वर्तन असावा की त्याचे मानसिक वय.

१९९९ साली कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि इंग्लंडमधील डेव्हिड थॉर्नटन ह्यांनी ‘स्टॅटिक-९९’ नावाचे दहा प्रश्नांचे कोष्टक सिद्ध केले. लैंगिक अपराध्यांच्या बाबतीत जगात सर्वाधिक वापरले गेलेले साधन ते हेच. त्याचे यश माफक पण खरे आहे: पुन्हा अपराध केलेला एक आणि न केलेला एक असे दोघे निवडले, तर शंभरातून सुमारे सत्तर वेळा पहिल्याचे गुण अधिक असतात. नाणे उडविण्यापेक्षा हे बरेच चांगले, आणि खात्रीपासून बरेच दूर. हे कोष्टक मंदबुद्धी अपराध्यांना लावता येते काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. त्यातील एक बाब अशी: हा मनुष्य कधी कोणा जोडीदाराबरोबर दोन वर्षे एकत्र राहिला आहे काय? नसल्यास एक गुण वाढतो. सामान्य माणसाच्या बाबतीत ही बाब काही सांगत असेल. परंतु ज्याचे सारे तारुण्य केवळ पुरुषांच्या वसतिगृहात गेले, त्याच्याविषयी ती काय सांगते? त्याला कोंडणाऱ्यांविषयीच सांगते. दुसरी बाब पूर्वीच्या आरोपांची. संस्थेत राहणाऱ्या माणसाने काही आगळीक केली तर ती पुष्कळदा पोलिसांपर्यंत जातच नाही. पर्यवेक्षक खोली बदलतो, पालकांना बोलावतो, नोंदवहीत एक ओळ लिहितो. ज्याच्यावर अत्याचार झाला तो सहनिवासीही बहुधा मंदबुद्धीच असतो, आणि त्याची तक्रार कोणी ऐकत नाही. म्हणजे एका बाबीत कोष्टक धोका फुगविते आणि दुसरीत तो लपविते. दोन्ही चुका एकमेकींना छेदून जातील असे समजणे भाबडेपणाचे होईल.

ह्या लोकांच्या वर्तनाचे मूळ कोठे आहे ह्याविषयी १९९१ साली डेव्हिड हिंग्जबर्गर, डोरोथी ग्रिफिथ्स आणि व्हर्नन क्विन्सी ह्यांनी एक विचार मांडला. वरवर विकृती वाटणारे वर्तन कधी कधी विकृतीचे नसतेच. एकांत मिळू न देणारी संस्था, कोणी न दिलेले शिक्षण, भेटीगाठींवरील बंदी, ह्यांतून ते उपजते. जिथे दार लावण्याची सोयच नाही तिथे उघड्यावरील वर्तन हा गुन्हा कसा ठरवावा? हा विचार सहृदय होता आणि पुष्कळांना पटला. मग स्कॉटलंडमध्ये विल्यम लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. अज्ञान हेच कारण असेल तर अपराधी मंडळींचे लैंगिक ज्ञान अपराध न करणाऱ्या मंदबुद्धी माणसांपेक्षा कमी निघावयास हवे. ते कमी निघाले नाही. उलट अधिक निघाले. तेव्हा काहींच्या बाबतीत विकृत आकर्षण खरेच असते, हे मान्य करणे भाग आहे. मला ह्या दोन्ही गटांविषयी आदर वाटतो, पण दुसऱ्याविषयी थोडा अधिक. कारण लिंडसे हे ह्याच माणसांवर उपचार करणारे, त्यांच्या बाजूचे होते, आणि तरीही गैरसोयीचे उत्तर त्यांनी दडविले नाही. दयेपोटी धोका नाकारणे हे अखेर त्या सहनिवाशाच्या जिवावर केलेले औदार्य असते.

२००४ साली डग्लस बोअर, सुझन टफ आणि जेम्स हेव्हन ह्यांनी ह्या विशिष्ट अपराध्यांसाठी एक वेगळे साधन मांडले. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘आर्मिडिलो’ असे नाव होते, आणि ते एका कवचधारी प्राण्याच्या नावाची आठवण करून देते. ह्या मंडळींना विनोदाचे वावडे नसावे. हेव्हन ह्यांनी ऑरेगनच्या सरकारी रुग्णालयात १९७९ पासून अशा अपराध्यांसाठी वेगळा कक्ष चालविला होता, तेव्हा हे काम केवळ कागदावरचे नव्हे. साधनाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील कित्येक प्रश्न अपराध्याविषयी नाहीतच! ते त्याच्या भोवतालाविषयी आहेत. त्याच्यावर देखरेख करणाऱ्यांची वृत्ती कशी आहे? ते त्याला ओळखतात काय? ते आपसांत बोलतात काय, की सकाळच्या पाळीची गोष्ट रात्रपाळीला कळतच नाही? नुकताच नवा माणूस देखरेखीवर आला आहे काय? राहण्याची जागा बदलली काय? त्याला एकटे मूल सापडेल अशी स्थिती आहे काय? आणि ह्या सर्व बाबी पुनःपुन्हा तपासावयाच्या, कारण त्या बदलत असतात. धोका वाढविणाऱ्या गोष्टींइतक्याच धोका आवरणाऱ्या गोष्टीही नोंदवावयाच्या असतात. २०१३ साली ६४ पुरुषांवर झालेल्या एका पाहणीत ह्या साधनाची भाकिते स्टॅटिक-९९ पेक्षा सरस ठरली. चौसष्ट ही संख्या लहान आहे, आणि पाहणी करणाऱ्यांत साधनाचे जनकही होते. तेव्हा हुरळून जाण्याचे कारण नाही. तरीही प्रश्नाचा रोख बदलला ही गोष्ट उरतेच. ‘हा कसा आहे’ ह्याच्या जोडीला ‘ह्याच्याभोवती आपण काय उभे केले आहे’ हे विचारले जाऊ लागले. देखरेख करणाराही परीक्षेला बसला.

आपल्याकडे ह्या इतिहासाचा धागा कोठे पोचतो ते सांगितले पाहिजे. बिनेंची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसविण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात केले. १९३४ सालची ही बिने-कामत कसोटी. तिच्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली निघाले. बिनेंप्रमाणेच त्यांचीही दृष्टी शाळकरी मुलांवर होती. कायद्यापुरते पाहता १९१२ च्या लुनसी ॲक्टमध्ये ‘इडियट’ आणि वेडा ह्यांना एकाच व्याख्येत बसविले होते. १९८७ च्या कायद्याने बुद्धिमांद्य मनोरुग्णतेतून वगळले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानेही तेच धोरण कायम ठेवले. नीतिजडाचा वर्ग आपल्या कायद्यात आला नाही, हे आपले भाग्यच. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा बळी पडलेल्या मुलाची मानसिक वा शारीरिक अक्षमता साधून केलेला अपराध अधिक गंभीर मानतो. मात्र त्या कायद्यातील ‘बालक’ ह्या शब्दाचा अर्थ मानसिक वयावरून लावता येईल काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ साली आला, तेव्हा न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. शरीराने प्रौढ, पण मानसिक वयाने बालक अशा स्त्रीच्या बाजूने ते मागणे होते, आणि त्यामागची व्यथा खरी होती. तरीही मानसिक वय हे खरे वय नव्हे, एवढे त्या निर्णयात स्पष्ट झाले.

आरोपीच्या बाजूने पाहता, बौद्धिक अक्षमता असलेला तरुण असभ्य स्पर्शासारख्या आरोपाखाली न्यायालयात येतो, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक प्रमाणपत्र असते, आणि त्यावर अक्षमतेची टक्केवारी. तेवढ्यावरून त्याच्या भावी वर्तनाविषयी काहीच ठरत नाही, हे वरील वृत्तांतावरून ध्यानात येईल. परंतु आपल्या कायद्याच्या पुस्तकात एक जुने कलम आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाप्रमाणे, ज्या अपराधांना फाशीची वा जन्मठेपेची शिक्षा सांगितलेली नाही अशांत, परिवीक्षेवर सोडण्यापूर्वी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो, आणि अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचे निश्चित ठिकाण अथवा नियमित व्यवसाय आहे, अशी खात्री करून घ्यावी लागते. लैंगिक अपराधांत न्यायालये ह्या कलमाचा आधार सहसा देत नाहीत, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पण सोडावयाचे नाही असे ठरले तरी अहवाल मागविण्यास कोणाची आडकाठी नाही, आणि शिक्षा भोगून तो तरुण एक दिवस बाहेर येणारच असतो. घरी कोण आहे, दिवसा त्याच्याजवळ कोण असते, शेजारी लहान मुले आहेत काय, ह्यापूर्वीची आगळीक आईने झाकली होती काय, त्याला समजेल अशा भाषेत कोणी कधी काही सांगितले आहे काय, हे सारे त्या अहवालात लिहिता येते. त्यासाठी नवा कायदा नको आणि परदेशी कोष्टकही नको. अधिकाऱ्याला त्या घरी दोन-तीनदा जावे लागेल, आणि एका अधिकाऱ्याकडे किती प्रकरणे असावीत, हे सरकारला ठरवावे लागेल.